घाटाचा गिअरबॉक्स

“घाट चढवायचाय का तुला कधी?” हिलाल मिस्त्रीनं हात पुसता पुसता विचारलं. प्रश्न साधा होता. उधन्याच्या त्या पत्र्याच्या गॅरेजात हिलाल येणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारत असणार, आणि माणूस हो किंवा नाही म्हणून चहा प्यायला जात असणार. मी मात्र तिथंच उभा राहिलो. समोर माझी आखूड जीप, बॉनेट काढलेलं, पुढचा भाग रिकामा. इंजिन वर चेनपुलीला लटकलेलं, खाली परातीत तेलाचे थेंब पडत होते. बाजूला पोत्यावर दोन गिअरबॉक्स ठेवलेले, एक माझा जुना आणि एक हिलालनं कुठल्याशा भंगारवाल्याकडून आणलेला. हिलाल साडीच्या चिंधीनं हात पुसत होता. सुरतेत गॅरेजवाल्यांना पुसायला मिलची बाद झालेली साडी मिळते. त्याच्या हातातली जांभळ्या फुलांची होती. “सांग ना भो,” तो म्हणाला. “तुझं इंजिन म्हणजे म्हैस. डिझेलचं आहे, ओढेल वाटेल तेवढं, पण पळणार नाही. आता म्हशीला पळवायची तर हा दुसरा बॉक्स. ह्याचे गिअर लांब आहेत. इंजिन निवांत फिरतं, चाक पळतं. पण पहिला गिअरही लांबच, भरल्या गाडीनं चढाला उभा राहिलास की संपलं. तुझा जुना बॉक्स घाटाचा. आखूड गिअर. भिंतीवर चढेल, पण हायवेला पन्नासच्या वर गेलास की बोंब मारतो.” हे त्यानं मला चार वर्षांपूर्वीही सांगितलं होतं, म्हशीसकट. तेव्हा मी ऐकलं नाही. आता पलसाण्याच्या रस्त्यावर कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसच्या कामगारांची शटल मारतो तर माझ्या जीपमध्ये कुणी बसायला बघत नाही. मागच्या जीपा पुढं निघून जातात. एक जण तर चालत्या गाडीतून उतरताना मला म्हणाला, काका, आ तो बैलगाडी छे. हसून म्हणाला, पण दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या जीपमध्ये बसायला लागला. म्हणजे बॉक्स बदलायचा हे ठरूनच मी गाडी घेऊन आलो होतो. नाही म्हणायचं होतं. दोन अक्षरं. ती तोंडापर्यंत येऊन परत गेली.

खरं तर सकाळी धुडकू आला नसता तर मी सरळ नाही म्हणालो असतो. धुडकू आमच्या गावचा, साक्रीकडचा. भेस्तानमध्ये आमच्या पाठीमागच्या गल्लीत राहतो, पॉवरलूमवर कापड विणतो. तो संध्याकाळच्या गाडीनं गावी निघाला होता, आणि निघण्याआधी निरोप सांगायला आला. दारातच चप्पल काढून उभा राहिला. म्हणाला, “धम्मादादा, प्रदीपनी सांगेल शे, पोरनं लगीन शे वैशाखमा. जीप लई येजो. नवरदेवले त्यामाच बसाडसूत.” प्रदीप माझा धाकटा भाऊ; त्याच्या पोराच्या लग्नाला जीप घेऊन ये, नवरदेवाला तिच्यातच बसवू, असा निरोप. धुडकू जरा घुटमळला, मग म्हणाला, “आनि बाबा रोज फाटावर जाई बठस. जीपना आवाज उना का उठी ऊभा ऱ्हास.” बाबा म्हणजे आमचा बाप, भाऊराव. एवढं बोलून तो, दुपारी जबाब सांग, म्हणून गेला. प्रज्ञा आत कणीक मळत होती. तिनं सगळं ऐकलं असणार, आमच्या खोलीत न ऐकता येण्यासारखी जागाच नाही. कणकेचा गोळा उलटवत ती म्हणाली, “मग जायचं का?” मी म्हणालो, गिअरबॉक्स बदलतोय, घाट चढणार नाही गाडी. तिनं मान वर केली. “एस.टी. जाते ना? रेल्वे जाते नंदुरबारपर्यंत. गिअरबॉक्सचा काय संबंध? नाचता येईना अंगण वाकडं.” मी चिडलो. म्हणालो, तुला जायचंय का? खरं सांग. तर ती परत परातीत वाकली. “मला नाही जायचं,” म्हणाली. “पण मी कारण नाही शोधत.” ह्या बाईचं हे असंच आहे. बावीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याशी एकदाही मोठ्यानं भांडण केलं नाही, आणि एकदाही तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. मी तसाच चहा न घेता गाडी काढून इकडं आलो.

मी त्या घाटाच्या बॉक्सवर हात ठेवला. बिडाचा, गार. आखूड, बुटका, वरून चिकट. हा मी हट्टानं बसवून घेतला होता. हिलाल तेव्हा ओरडला होता माझ्यावर. अरे, सुरत ते पलसाणा रस्ता तव्यासारखा सपाट, तुला घाटाचा बॉक्स कशाला? सुरतेत राहणाऱ्याला चढ म्हणजे काय तर रेल्वेवरचा पूल. पण माझ्या डोक्यात कोंडाईबारी होती. आमचं हे असंच आहे, खानदेशातून आलेल्या सगळ्यांचं. आम्ही राहतो इथं, कमावतो इथं, पोरं इथं गुजरातीत शिकतात, आणि गाडी घेतो ती तिकडच्या घाटासाठी. वर्षातून एकदा जायच्या रस्त्यासाठी रोजचा रस्ता बिघडवून घेतो. नवापूर, विसरवाडी ओलांडली की कोंडाईबारीचा घाट लागतो. सुरतेहून गावी जायला तो चढावा लागतो. यायला मात्र उतार. म्हणून तर आम्ही सगळे इतक्या सहज घरंगळत इथं आलो असू. मी पहिल्यांदा आलो तेव्हा मिसरूड फुटलेलं नव्हतं. काकाकडं राहत होतो, लूमच्या आवाजानं डोकं उठायचं, आणि मी रोज रडायचो. शेवटी बाबा मला न्यायला आला. जाताना पैसे वाचवायला आम्ही कापडाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकवर बसलो. घाटात ट्रक चढेना. ड्रायव्हरनं वर बसलेल्यांना उतरवलं, आणि बाबाच्या हातात एक दगड दिला. ट्रक थांबला की मागच्या चाकाखाली दगड लावायचा, निघाला की उचलून मागं मागं चालायचं. पूर्ण घाट बाबा तो दगड उराशी धरून ट्रकमागं चालला. धुरात त्याचं तोंड काळं झालं होतं. वर पोचल्यावर त्यानं दगड रस्त्याच्या कडेला नीट ठेवला, कुणाला तरी परत लागेल म्हणून, आणि मला म्हणाला, “गाडी असावी तर आपल्या दमावर चढनारी. मानसं उतरवनारी गाडी काय कामनी?” मला ते वाक्य कधी विसरता आलं नाही. म्हणून मी हिलालला सांगितलं होतं, घाटाचाच टाक. माझ्या गाडीतून आईला घाटात उतरायला लागू नये. बाबाला तर नाहीच नाही. आई आणि बाबा मागं बसलेत, मी चालवतोय, गाडी घाट चढतेय, आणि आम्ही गावात शिरतोय. वस्तीच्या मागच्या पायवाटेनं नाही, पुढच्या रस्त्यानं, सगळ्या गावादेखत, बुद्धविहाराच्या दारापर्यंत. हे चित्र मी लूमवर उभ्याउभ्या इतक्या वेळा बघितलं होतं की ते घडून गेल्यासारखंच वाटायचं. त्या चित्रापायी मी हिलालचं शहाणपण बाजूला सारलं.

आणि खोटं कशाला बोलू, बॉक्सनं मला दगा दिला नाही. गाडी तयार होऊन वर्षही झालं नव्हतं आणि सुरतेत प्लेग आला. चौऱ्याण्णव साल. ते दिवस ज्यांनी बघितले त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी बघितले नाहीत त्यांना सांगून कळायचं नाही. आधी कुजबुज, मग दवाखान्यापुढं गर्दी, मग औषधाच्या कॅप्सूलसाठी मारामारी, मग सगळ्या शहरानं तोंडाला रुमाल बांधले. ओळखीची माणसं नुसत्या डोळ्यांची झाली. मला त्याचा फार त्रास झाला. कारण आम्ही लूमवाले कानांनी ऐकत नाही, ओठांनी ऐकतो. लूमच्या खटखटाटात माणूस तुमच्या कानाशी ओरडला तरी उपयोग नसतो, त्याचे ओठ वाचायचे असतात. वीस वर्षांत ती सवय इतकी अंगात मुरली की लांब बसस्टॉपवर दोघं काय बोलतात तेही मला समजतं. आणि आता सगळ्यांचे ओठच गेले. गल्ली रिकामी होऊ लागली. रेल्वेत पाय ठेवायला जागा नाही, एस.टी.च्या टपावर माणसं. पहाटे मी जीप काढली. प्रज्ञा, आमची पोरगी साक्षी, आणि शेजारचे बळीराम आणि सरलाबाई, त्यांची चार पोरं, त्यांची बोचकी. ते दोघं विसरवाडीच्या पुढचे. स्टार्टर धड नव्हता, गल्लीतल्या उरल्यासुरल्यांनी धक्का दिला. जीप सुरू झाली ती मी बंदच केली नाही. कोंडाईबारीच्या पायथ्याशी ट्रक आणि टेम्पो बंद पडलेले, माणसं उतरून पायी चढत होती, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या. मी पहिला टाकला. जीपनं नुसतं हूं केलं आणि चढायला लागली. भरलेली गाडी, वळणावर वळण, आणि एक झटका नाही. बळीराम म्हणाला, वा रे वाघा. प्रज्ञानं तोंडावरचा पदर काढला आणि ती हसली. मागं शहर मरत होतं आणि मी खुशीत होतो. मला लाज वाटली, पण खुशी काही जाईना. माझं गणित बरोबर ठरलं होतं. हिलालला म्हणावं, ये बघायला. घाटाच्या वर बळीरामच्या गावचा फाटा आला, ते उतरले, आणि आम्ही तिघंच पुढं निघालो. गाव जवळ येत गेलं तशी मी मान ताठ करून बसलो, अगदी मूर्खासारखी.

गावाच्या तोंडाशी रस्त्यावर आडवी बैलगाडी लावलेली होती. तिच्या पलीकडं माणसं, सगळ्यांच्या तोंडाला फडकी. पाटलांची होती आणि आमच्या वस्तीचीही होती, खांद्याला खांदा लावून उभी. जन्मात पहिल्यांदा मी ते गाव एक झालेलं बघितलं, आणि कशासाठी, तर सुरतवाल्यांना आत न घ्यायला. मी थांबलो. प्रदीप पुढं आला, बोलता यावं म्हणून त्यानं तोंडावरचं फडकं खाली केलं आणि ओरडला, “दादा, आठेच थांब. पुढे येऊ नको. गावनी ठरायेल शे.” मी जीप बंद केली नाही. बंद केली असती तर परत धक्का मारावा लागला असता, आणि मला धक्का मारायला तिथं कोण येणार होतं? मी नुसता उतरून उभा राहिलो. इंजिन घरघरत होतं. तेवढ्यात प्रदीप शेजारच्याकडं वळला आणि हळूच काहीतरी बोलला. त्याला वाटलं इतक्या लांबून, इतक्या आवाजात मला काय कळणार. पण त्याचे ओठ मला दिसत होते. तो म्हणाला, “गाडी भारी शे, नही?” मला आजही समजत नाही की त्या क्षणी मी मेलो का नाही. मग माणसांतून बाबा आला. त्याच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. रस्त्याच्या कडेला एक दगड होता, त्यावर त्यानं भाकरी ठेवल्या, आणि मागं सरकला. किती मागं सरकायचं ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही. माझा बाप लहानपणी त्या दगडाच्या ह्या बाजूला उभा राहिलेला माणूस. पाटलाच्या वाड्यापुढं त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, आणि भाकर खाली ठेवून आत जायचे, हे त्यानंच मला सांगितलेलं. त्यासाठीच त्यानं धर्म बदलला, माझं नाव धम्मरत्न ठेवलं, वस्तीतलं तसलं पहिलं नाव. आणि आता तो मला भाकर ठेवून मागं सरत होता. त्याचे डोळे मात्र जमिनीवरच होते. त्याच्या मागं आई होती, मीराबाई. तिनं पदर तोंडावर घट्ट धरला होता. ती एकदम आडव्या बैलगाडीपर्यंत पळत आली, प्रदीपनं तिचा दंड धरला, आणि ती मला काहीतरी म्हणाली. लांबलचक काहीतरी. पदर तिच्या तोंडावर हलत होता, श्वासानं आत जात होता, बाहेर येत होता. मला एक अक्षर कळलं नाही. मी दोन्ही हातांनी खूण केली, पदर काढ, पदर काढ. तिला वाटलं मी जयभीम करतोय. तिनं एक हात वर केला आणि तिला मागं नेलं.

मी दगडावरच्या भाकरी उचलल्या. जीप वळवायला रिव्हर्स टाकला. परतताना घाट उतार होता आणि आखूड गिअरमुळं ब्रेकला पाय लावावा लागला नाही, गाडी आपली आपण तोलून उतरली. इतका चांगला बॉक्स. साक्षी विचारत राहिली, “पप्पा, आजी केम ना आवी?” मी म्हणालो, येईल नंतर. विसरवाडीला झाडाखाली थांबलो आणि फडकं सोडलं. लसणाची चटणी होती, आईच्या हातची. मी खाल्लं. साक्षीनं खाल्लं. भूक लागली होती, आणि भुकेला लाज नसते. प्रज्ञानं भाकर हातातही घेतली नाही. “मी दगडावरची खात नाही,” म्हणाली. तेवढंच. मी तिला सांगत राहिलो, अगं प्लेग आहे, ते घाबरलेत, त्यांचंही बरोबर आहे. आणि मला ते खरंच पटत होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही गाडी आडवी लावली असती. तेच तर सहन होत नाही. रागवायला कुणी उरलंच नाही; आपलेच दात, आपलेच ओठ. आम्ही परत सुरतेला आलो, रिकाम्या गल्लीत राहिलो, आणि आम्हाला काहीही झालं नाही. त्याच हिवाळ्यात आई गेली. प्लेगनं नाही, साध्या तापानं. मला कळलं तोवर पुण्यानुमोदनाचा विधीसुद्धा उरकला होता. वरातीमागून घोडं कशाला न्यायचं म्हणून मी गेलो नाही. मग पुढच्या वर्षी गेलो नाही, आणि मग न जाणं हीच रीत झाली. तोंडाला रुमाल बांधणं मात्र मी तेव्हापासून सोडलं. पलसाण्याच्या रस्त्यावर एवढी धूळ, एवढा धूर, तरी नाही. लोक वेडा म्हणतात.

“काय रे, बॉक्सची पूजा करतो का?” हिलाल म्हणाला. मी हात काढला. तळहात काळा झाला होता. तेवढ्यात धुडकू आला, खांद्याला पिशवी, अंगात इस्त्रीचा सदरा, थेट स्टेशनावर जायच्या तयारीत. म्हणाला, “दादा, काय सांगू मंग प्रदीपले?” आणि मला एकदम आठवलं. विसरलो नव्हतो मी. तीन वर्षं रोज आठवत होतं आणि तीन वर्षं मी त्याला विचारलं नव्हतं. धुडकू तेव्हा गावातच होता. सुरतेला तो नंतर आला. त्या दिवशी बैलगाडीच्या पलीकडं, आईच्या अगदी डाव्या हाताला, तोंडाला लाल फडकं बांधून उभा होता तो धुडकूच. तो भेस्तानला राहायला आला तेव्हापासून मला माहीत होतं की आई काय म्हणाली हे एक माणूस सांगू शकतो, आणि तो माणूस पाठीमागच्या गल्लीत राहतो. तेवढ्यावर मी जगत होतो. विचारलं की ते संपणार, म्हणून विचारत नव्हतो. पण आज विचारायला हवं होतं. आई जर म्हणाली असेल ये, परत ये, तर घाटाचा बॉक्स राहू दे. शटल खड्ड्यात गेली. म्हशीगत हळू हळू जाईन, नवरदेवाला बसवीन, बाबाला फाट्यावरून उचलीन. आणि जर म्हणाली असेल जा, पोरीला घेऊन जीव वाचव, येऊ नको, तरी चालेल. तेही आईनं सांगितलेलं असेल. काहीतरी एक तिनं सांगितलेलं असेल. मी हिलालकडं पाठ केली आणि म्हणालो, “धुडकू, त्या दिवशी मी आलो होतो ना, प्लेगमध्ये. आई मला काहीतरी म्हणाली. तू बाजूलाच होतास. काय म्हणाली?”

धुडकूनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता, बिचारा. कपाळाला आठ्या घातल्या. “माय बोली व्हती, हा,” तो म्हणाला. “लई बोली. रडे बी.” मी म्हणालो, पण काय? “दादा, खरं सांगू? तुन्ही जीप चालूच व्हती ना. तो आवाज. माले काहीच ऐकू उनं नही. प्रदीपले बी नही. नंतर आम्ही तिले पुसं, तर बोलनी, जे सांगानं ते त्याले सांगी दिधं.” मी मान हलवली. म्हणजे तिला वाटलं की मला कळलं. मी हातांनी खुणा केल्या होत्या. तिला वाटलं मी हो म्हणालो. ती तेच धरून गेली असेल. आणि ते काय होतं ते आता कुणालाच ठाऊक नाही. मी त्या चेनपुलीवरच्या इंजिनाकडं बघितलं. हेच ते. स्वच्छ पुसलेलं, साडीच्या चिंधीचे दोरे चिकटलेले. धक्का मारायला कुणी येणार नाही म्हणून मी हे बंद केलं नव्हतं. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. हिलालनं लांबूनच विचारलं, “मग? ठरलं का काही?” मी म्हणालो, “टाक सपाटीचा.” आणि धुडकूला म्हणालो, “सांग त्याला, गाडी घाट चढत नाही.” धुडकूनं पोत्यावरच्या दोन्ही बॉक्सांकडं बघितलं. त्याला त्यातलं काही कळत नसलं तरी काहीतरी कळलं. “आनि बाबाले?” त्यानं विचारलं. मी काळा झालेला तळहात पँटला पुसला. “बाबालाही तेच सांग,” म्हणालो.

दिवस कलायच्या आत हिलालनं काम उरकलं. जुना बॉक्स त्यानं कोपऱ्यात लोटला, म्हणाला, कुणी दापचरी-जव्हारकडचा आला की विकून टाकीन. मग गाडीत मागं वाळूच्या गोण्या टाकल्या, माणसं समजून, आणि माझ्या शेजारी बसला. सपाटीला जीप अशी पळाली की मीच चकित झालो. इंजिन निवांत, आवाज निम्मा. ह्या गाडीत आता शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येईल, असं माझ्या मनात आलं. हिलाल खूश होता. म्हणाला, बघ, चार वर्षं फुकट घालवलीस. मग आम्ही रेल्वेवरच्या पुलाला लागलो. मधोमध पुढं साड्यांच्या गाठींची हातगाडी अडली आणि मला चढावर थांबावं लागलं. परत निघायला पहिला टाकला, क्लच सोडला, तर जीप थरथरली आणि मागं सरकली. मागून हॉर्न. परत टाकला, इंजिन रेस केलं, क्लच अर्धा धरला, जळका वास सुटला, आणि सगळा काळा धूर आत आला. हिलालनं खोकत आपला रुमाल माझ्याकडं फेकला, बांध म्हणाला. मी बांधला. हातांनीच ते केलं, डोक्यानं काही विचारलं नाही. कशीबशी जीप पुलाच्या माथ्याला आली आणि तिथं दम टाकून उभी राहिली. खाली रूळ होते, त्यातली एक लाईन उगवतीकडं वळते, आमच्याकडची. धुडकूची गाडी त्या लाईनीवरून हळूहळू निघाली होती. उद्या सकाळी तो गावच्या फाट्यावर एस.टी.तून उतरेल, बाबा उठून उभा राहील, आणि धुडकू त्याला सांगेल. परवाही बाबा येऊन बसेल, सवयीनं. मी आरशात बघितलं. रुमालाच्या वर माझे डोळे, आईसारखे आहेत असं सगळे म्हणायचे. रुमाल हलत होता, श्वासानं आत जात होता, बाहेर येत होता. मी काहीतरी बोलत होतो वाटतं. बंद पडू नये म्हणून रेसवर धरलेल्या इंजिनात मला माझं ऐकू आलं नाही.

“काय म्हणालास?” हिलालनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो, आणि उताराला गाडी सोडली.